थोरलीच्या तोंडी माझे बोल

मंठ्यात माझं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळेचं गॅदरिंग, जयंतीची मिरवणूक, लग्नातली नवरी, हळदीतला नाच, अंगावर काहीतरी चढवून लोकांना चार तास वेगळं दिसायचं असलं की ते माझ्याकडे येतात. शिवलेल्या नऊवाऱ्या, फेटे, ठुश्या, केसांचे टोप, सगळं भाड्यानं मिळतं.

हे दुकान मला कुणी दिलेलं नाही. आमचे मालक शाळेत शिपाई होते. गॅदरिंगचे कपडे तेव्हा जालन्याहून यायचे आणि परत पाठवताना एखादी ठुशी कमी भरली की भांडण शिपायाच्या गळ्यात पडायचं. एका वर्षी मी म्हणाले, हे कपडे मीच शिवते. कापड आणायला जालन्याच्या घाऊक दुकानात गेले, तर तिथल्या शेठजींनी मला बस म्हणायचीही तसदी घेतली नाही. निघाले तेव्हा मात्र ते चहा मागवून, "वहिनी, पुढच्या वेळी सरळ इथंच या," म्हणत होते. मधल्या दोन तासांत काय झालं ते सांगत नाही. धंद्यातली गोष्ट धंद्यात राहावी.

इतक्या वर्षांत एक मात्र माझ्या ध्यानात आलं आहे. गॅदरिंगच्या बाई दुकानात येतात आणि म्हणतात, "एक चांगली सून द्या, एक खाष्ट जाऊ द्या." पुढं काही विचारावं लागत नाही. चांगलीला फिकट साडी, बारीक टिकली, कोपरापर्यंत बाह्या. वाईट बाईला गडद जांभळं किंवा काळं, रुपयाएवढं कुंकू, भलीमोठी नथ. कोणती मुलगी कोण होणार तेही सांगावं लागत नाही. पोरींची रांग दुकानात शिरली की मला रंगावरून कळतं. हा नियम मी केलेला नाही. टीव्हीनं केला, मी त्याप्रमाणे माल ठेवला. पण डोक्यात राग होता, कारण मी स्वतः तव्याच्या रंगाची आहे आणि शाळेत मला एकदाही फिकट साडी मिळाली नव्हती.

सून पाहायला आम्ही जांब समर्थजवळच्या एका खेड्यात गेलो होतो. वाटेत गाडीत नणंद कानाशी लागली, "पोरगी रंगानं डावी हाय बरं का, आधीच सांगते." पोहे आले. आमच्यातल्या कुणीतरी नेहमीचा प्रश्न टाकला, स्वयंपाक येतो का. मुलीनं मान वर केली आणि म्हणाली, "येतो. तुमच्याकडं जेवायला माणसं किती असतेत?" तिची आई घाबरून तिला चिमटा काढायला लागली. मी मात्र तिथंच ठरवलं. माल बघायच्या आधी मागणी किती आहे ते विचारणारी पोरगी मला दुसरी कुठं मिळणार होती?

लग्नानंतर ती माझ्याबरोबर दुकानात बसू लागली. कमी बोलायची, सारखी माझ्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, धंदा शिकते आहे.

भोकरदनकडचा एक पोरगा मोबाईलवरची सिरीयल काढतो. आठवड्याला एक भाग, सगळा आपल्याच भाषेत. शूटिंग मंठ्याच्या आसपासच्या गावांत असायचं आणि साड्या-दागिने माझ्याकडून जायचे. एक दिवस तो साड्या निवडता निवडता थांबला. समोर सून एका गिऱ्हाइकाला फेटा कसा परत करायचा ते समजावून सांगत होती.

"मावशी," तो म्हणाला, "सूनबाईंना थोरली जाऊ करू का? धाकटी मिळाली मला, थोरली मिळून न्हाई राह्यली."

"थोरली कशी हाय?"

"लई दमदार."

सुनेनं हातातला फेटा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मी अटी घातल्या. घरून न्यायचं, घरी आणून सोडायचं, माझ्या मुलाला आधी विचारायचं, आणि शूटिंगला गेलेली साडी धुऊन इस्त्री होऊन परत यायला हवी. त्यानं सगळ्याला एका दमात हो म्हटलं. जो माणूस घासाघीस न करता हो म्हणतो, त्याच्यापाशी आपण काहीतरी मागायचं विसरलेलो असतो, हे मला कळायला हवं होतं. मी गोष्ट काय आहे ते विचारायचं विसरले होते.

दोन महिन्यांत बाजारात माणसं सुनेकडे वळून बघू लागली. आठवडी बाजारात माळवं विकणारी एक म्हातारी आहे, तिनं सुनेच्या पिशवीत टाकलेली कोथिंबीर परत काढून घेतली.

"तुला न्हाई द्यायची. धाकटीला रडवतीस, वरून कोथिंबीर पाहिजे!"

"आज्जे, धाकटीच्याच भाजीत टाकते, दे की," सून म्हणाली.

"टाकशील अन् तिखट दुप्पट करशील. मी पाह्यलंय."

आजूबाजूच्या बायका हसल्या, सूनही हसली. मला वाटलं, चेष्टा आहे. सिरीयल मी पाहिलेली नव्हती. दिवसभर नकली दागिन्यांत बसणाऱ्या बाईला घरी जाऊन आणखी नकली रडणं बघायची हौस राहत नाही.

मग विहीणबाईंचा फोन आला. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्या रडायलाच लागल्या. "विहीणबाई, आमच्या लेकीचं काही चुकलं का? इथं देवळात बायका विचारून राह्यल्या, तुमची पोरगी घरी बी अशीच हाय का? आमच्या धाकट्या लेकीचं पाहणं ठरलंय."

त्या दुपारी मी चष्मा लावून दुकानातच पाच-सहा भाग एका बैठकीला पाहिले.

सिरीयलमधली धाकटी गोरी, त्यात आणखी गोरी केलेली. ती काही बोलत नाही. पाणी भरते, रडते, पदर सावरते. थोरली म्हणजे माझी सून. तिला काळी साडी, माझ्याच दुकानातली, आणि तोंडाला तिच्या रंगाहून दोन हात गडद काहीतरी चोपडलेलं. थोरली काय विचारते? सोयाबीन विकलं त्याचं काय झालं, विचारते. माझ्या माहेरची शेळी कुणाला विचारून विकली, विचारते. घर दोघींचं असताना किल्ली एकीच्याच कमरेला का, विचारते. पण तिनं तोंड उघडलं की मागं ढणढण ढणढण काहीतरी वाजतं आणि तिचा चेहरा तीनदा अंगावर येतो. माझ्या प्रत्येक सौद्यामागं कुणी असा ढोल बडवला असता तर मंठ्यातली पोरं मला बघून पळाली असती.

तोवर मी रागावले होते, पण खरी पेटले ते पुढं. थोरली दिराला म्हणाली, "तोंडाचा भाव माझ्यापाशी चालत न्हाई. हातात काय हाय ते दाखवा." हे माझं वाक्य. धाकटीनं साडी उचलली तर थोरली म्हणाली, "घ्यायची तर घ्या, न्हाई तर घडी मोडू नका." हेही माझंच. बोलायच्या आधी मनगट टेकवून बांगड्या दोनदा वाजवायच्या, पदर खोचायचा, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत भुवई उचलून ठेवायची, सगळं माझं. भागाच्या खाली लोकांनी लिहिलं होतं. असल्या बाईला घरात ठेवू नये. काळतोंडी. एकानं लिहिलं होतं, आमच्या मंठ्यात अशी एक खरोखरची आहे.

मी सुनेला काही बोलले नाही. राग आला की मी आधी समोरच्या पार्टीकडे जाते. बसस्टँडजवळच्या हॉटेलात तो पोरगा सापडला.

"या मावशी. चहा सांगू?"

"चहा मंग. थोरलीला अक्कल कधी येणार हाय?"

तो हसला. "मावशी, तिच्यामुळंच तर चालून राह्यलं सगळं. पब्लिक तिला शिव्या द्यायला येतं."

"तुझ्या आईला आण मंग थोरली करून."

त्याची मान खाली गेली. मी पुढचं काढलं. "अन् तिच्या तोंडाला काळं कामून फासतोस? देवानं दिलं ते कमी पडलं का तुला?"

"कॅमेऱ्यात फरक दिसाय पाहिजे ना, मावशी. न्हाई तर वाईट कोण ते कळत न्हाई लोकांना."

"बोलण्यावरून कळत न्हाई?"

"बोलती तर ती बराबरच," तो म्हणाला आणि चपापला.

मी सौदा मांडला. संध्याकाळच्या आत माझ्या सगळ्या साड्या, दागिने, टोप परत, नाही तर थोरली चांगली व्हायला हवी. मधला रस्ता नाही. त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला, विचार केला.

"एका भागात सुधरवतो. ताप आणतो तिला."

"ताप?"

"ताप आला, धाकटीनं रात्रभर पट्ट्या ठेवल्या की माणूस सुधरतो, मावशी. पब्लिकला बिलकुल पटतं."

मी जिंकून घरी आले. विहीणबाईंना फोन करून सांगितलं, काळजी करू नका, पुढच्या भागापासून लेक गुणाची. त्यांनी मला आशीर्वाद दिले, मीही घेतले.

थोरलीला ताप आला, थोरली सुधारली, धाकटीच्या पाया पडली. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. माळव्यावालीनं कोथिंबिरीची जुडी फुकट दिली आणि सुनेच्या गालावरून हात फिरवला. सून तिच्याकडे बघून नुसती मान हलवून पुढं निघाली.

मग एका दुपारी ती शूटिंगवरून थेट दुकानात आली. अंगावर साय रंगाची साडी, बाह्या कोपरापर्यंत, टिकली खसखशीएवढी. तोंड धुतलेलं नव्हतं. पावडर इतकी की चेहरा राखाडी दिसत होता आणि गळा खाली आपल्या जागी सावळा. ती स्टुलावर बसली. मी गिऱ्हाईक कटवलं.

"आज काय काम होतं?" मी विचारलं.

"ताट धरून उभं राह्यचं. धाकटीच्या मागं."

"अन्?"

"बस. तेवढंच. सकाळपासून ताट धरून राह्यले. चांगली झाल्यापासून मला एक वाक्य न्हाई, आत्या."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं घेतला नाही.

"तुम्हीच सांगितलं ना त्याला? मला चांगली करा म्हणून."

"लोक शिव्या देत होते तुला. तुझी माय रडत होती."

"देऊ द्या की शिव्या! शिव्या देत होते म्हणजे ऐकून तरी राह्यले होते." तिचा आवाज चढला. माझ्यासमोर तो पहिल्यांदाच चढला. "आता मी किती बी वेळ उभी राह्यले तरी कुणी बघत न्हाई."

मलाही मग धरवेना. "अन् माझं बोलणं चोरून मला गावभर कैदाशीण केलीस, त्याचं काय? मंठ्यातली एक खरोखरची, म्हणून लिहितेत लोक! कवडीपासून दुकान उभं केलं मी. भाव केला म्हणून ही थोरली झाले?"

ती पदरानं तोंड पुसायला लागली, आणि साय रंगाच्या पदरावर पावडरीचे पट्टे उमटले. साडी दुकानाची होती, पण मी काही बोलले नाही.

"मी नक्कल न्हाई केली तुमची," ती म्हणाली. "म्हणजे केली. पण टिंगल करायला न्हाई. माहेरी असताना सगळ्या सिरीयली पाह्यच्या आम्ही बहिणी. त्याच्यात आपल्या रंगाची बाई एक तर भांडी घासायची, न्हाई तर दुधात काहीतरी कालवायची. मला वाटायचं, आपलं एवढंच असतंय. मंग इथं आले. तुम्ही ह्या गल्ल्यावर बसून बोलत होत्या अन् तीन पुरुष हातातली पिशवी खाली ठेवून गप ऐकत होते. तुम्ही आवाज बी चढवला न्हवता. असं मी कुठं पाह्यलं न्हवतं आत्या, ना टीव्हीत, ना आमच्या गावात. त्यानं मला वाक्यं दिली तेव्हा ती नुसती भांडकुदळ होती. मी म्हणलं, बोलायचंच हाय तर बराबर बोलावं."

मी गल्ल्यावरचं पितळी कुलूप इकडून तिकडे सरकवत राहिले. कुणी माझ्याकडे असं बघत असेल हे मला माहीत नव्हतं. लोक मला घाबरतात, मानतात, मागून नावं ठेवतात, त्या सगळ्याची मला सवय आहे.

"मंग विचारायचं तरी एकदा," मी म्हणाले.

"तुम्ही न्हाई म्हणल्या असत्या."

ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी शूटिंग मंठ्यापासून जवळच्या एका गावात होतं. मी दुकानाला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर गाडीत बसले. वाटेत मी तिला सांगत होते, आधी त्याला बोलू द्यायचं, पहिला भाव त्याच्या तोंडून यायला हवा, आणि हो म्हणायची घाई करायची नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "आत्या, तुम्ही आज बसा. बोलणं माझं हाय."

मी एका ओसरीवर बसले. गावातल्या चार-पाच बायका आधीच बसलेल्या होत्या, शूटिंग बघायला. तो पोरगा मला बघून लगबगीनं आला, पण सून मधेच उभी राहिली.

"मला परत बोलायचंय," ती म्हणाली.

"ताई, आता कसं? ताप येऊन गेला. पब्लिकनं माफ केलं तुम्हाला. नवी वाईट बाई बी बोलावली मी, जालन्याहून. ती शेजारीण होणार हाय."

"मी वाईट करा म्हणत न्हाई."

"मंग?"

"चांगलीच राहू द्या. पण चांगली बाई सोयाबीनचा हिशेब विचारत न्हाई का?"

तो डोकं खाजवायला लागला. "लोक गोंधळतात, ताई. चांगली हाय तर गप पाहिजे. बोलून राह्यली म्हणजे काहीतरी डाव हाय, असं वाटतं त्यांना."

"गोंधळू द्या. दोन भाग गोंधळतील, तिसऱ्याला ऐकतील. तुमची आई बोलत न्हाई का घरात?"

"लई बोलती," तो म्हणाला, आणि ओसरीवरच्या बायका खुदखुदल्या.

"मंग ती वाईट हाय?"

माझ्या मांडीवरचा हात आपोआप मुठीत वळला होता. पोरगी त्याला कोपऱ्यात घेत होती आणि त्याला ते कळतही नव्हतं. तो म्हणाला, बघू, एखादं वाक्य टाकू. ती म्हणाली, एखादं नको. तो म्हणाला, तीन. ती गप्प उभी राहिली. तिथं मी ओरडले असते, सौदा मोडून निघाले असते आणि तो मागं पळत आला असता. तिनं तसं केलं नाही. ती नुसती उभी राहिली, इतका वेळ की कॅमेरा धरलेला माणूसही चुळबुळू लागला.

"बरं," तो म्हणाला. "जे बोलायचं ते बोला. एक सीन."

"अजून दोन गोष्टी. तोंडाला काही लावणार न्हाई, काळं बी न्हाई अन् पांढरं बी न्हाई. अन् मी बोलताना मागं ते ढणढण वाजवायचं न्हाई."

"म्युझिक न्हाई तर सीन उचलत न्हाई, ताई!"

"मी उचलते."

ती हातपाय धुऊन आली. अंगणात दीर झालेला नट खाटेवर बसला होता. धाकटी झालेली मुलगी चुलीपाशी. सुनेनं त्याला विचारलं, सोयाबीन विकलं त्यातलं ह्या घरात काय आलं, आणि धाकटीच्या दवाखान्याला त्यातलं काय देणार. दवाखान्याचं कुणी लिहिलेलं नव्हतं. चुलीपाशी बसलेल्या त्या गोऱ्या मुलीनं रडायची तयारी केली होती, ती चकित होऊन वर बघायला लागली, आणि मग कुणीही न सांगता म्हणाली, "हो ना, मला बी सांगा." खाटेवरचा नट आपलं वाक्य विसरला. तो भाग तसाच गेला.

माझ्याशेजारची बाई म्हणाली, "किती बोलती गं ही बया!" आणि थोड्या वेळानं, जरा हळू, "विचारती ते खरंय पण."

तो भाग मी विहीणबाईंना बोलावून दुकानात बसवून दाखवला. धाकट्या लेकीचं पाहणं होऊन गेलं होतं, पाहुण्यांकडून निरोप यायचा होता. त्या पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "ही तर घरी बी अशीच बोलायची. आम्हीच गप करायचो." मग मोबाईल माझ्या हातात देऊन त्या उठल्या आणि आत जाऊन लेकीजवळ बसल्या. मी मागं गेले नाही.

लोक गोंधळले. खाली निम्म्यांनी लिहिलं, थोरली पुन्हा बिघडली. निम्म्यांनी लिहिलं, बरोबर विचारलं. बघणारी माणसंही कमी झाली म्हणे, तो पोरगा तोंड पाडून सांगत होता. मी त्याला म्हटलं, गिऱ्हाइकाला नवा माल लगेच पटत नसतो.

पण त्याच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. भाग उघडायच्या आधी मोबाईलवर जे चित्र दिसतं, त्यात सुनेचं तोंड तो अजून काळं करून टाकतो, वर लाल बाण. आणि परवाच्या भागात थोरली बोलायला लागली आणि मागं हळूच बासरी सुरू झाली. आम्ही दोघींनी एकदम एकमेकींकडे बघितलं.

"आता ही कशाला?" मी म्हणाले.

"चांगली हाय ना मी आता," सून म्हणाली. "चांगल्या बाईला बासरी असती."

तिनं फोन लावला. मी ऐकत होते. "दादा, बासरी बी नको," ती म्हणाली. तिकडून तो बराच वेळ काहीतरी समजावत राहिला. तिनं त्याचं सगळं संपू दिलं. मग पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.